बेडेकरांची लाल पोथी

बेडेकर हे नाव उच्चारले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे लोणच्याची बरणी उभी राहते. परंतु युरोपात जवळजवळ शंभर वर्षे ह्याच नावाचा अर्थ निराळा होता. तिथे बेडेकर म्हणजे लाल कापडी बांधणीचे, कोटाच्या खिशात मावेल एवढे एक पुस्तक. कोणत्या शहरात काय पाहावे, कुठे उतरावे, काय खावे, हमालाला किती द्यावे, हे सारे त्यात बारीक टायपात छापलेले. त्याची १९०७ सालची पॅरिसवरची इंग्रजी प्रत पुष्कळ वर्षांपूर्वी फुटपाथवरच्या एका दुकानदाराने मला जवळजवळ रद्दीच्या भावात दिली. नकाशांच्या घड्या फाटल्या होत्या, पण मजकूर शाबूत होता. मी मॅट्रिकनंतर कॉलेजची पायरी चढलो नाही, आणि पॅरिस तर सोडाच, विमानतळही आतून पाहिलेला नाही. तरीही त्या पुस्तकाचे बोट धरून मी पॅरिसच्या रस्त्यांतून इतक्या वेळा हिंडलो आहे, की शाळेच्या वार्षिक सहलीचा बेत फळ्यावर लिहितानासुद्धा मला मनातल्या मनात सीन नदीचे पूल आठवतात.

ही गोष्ट आमच्या शाळेतून निवृत्त झालेल्या ड्रॉइंग मास्तरांना ठाऊक होती. त्यांचा मुलगा जर्मनीत नोकरीला आहे. गेल्या वर्षी त्याने आईवडिलांना बोलावून घेतले आणि त्यात चार दिवस पॅरिससाठी राखले. शनिवार ते मंगळवार. मास्तर एका संध्याकाळी मुलाने पाठवलेला कागद घेऊन माझ्याकडे आले. सकाळी नऊ वाजता आयफेल मनोरा, पावणेअकराला अमुक कमान, साडेबाराला तमुक चर्च. अशी चार दिवसांत सत्तावीस ठिकाणे. जेवणाच्या रकान्यात प्रत्येक वेळी एकच शब्द होता: ‘इंडियन’. मास्तरांचे गुडघे दुखतात, वहिनी शाकाहारी आहेत, आणि दोघांचेही वय पाहता पॅरिसची ही पहिली आणि शेवटची खेप. वहिनींनी एवढेच विचारले, “भावोजी, तिथं मध्ये मध्ये बसायला बाकं असतात का हो?”

त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मला दुसराच एक प्रश्न पडला. ही सत्तावीस ठिकाणे ठरवली कोणी?

आपल्याकडे हा प्रश्न जुन्या काळी उद्भवत नसे. काशीला गेलेल्या माणसाने कोणत्या घाटावर स्नान करायचे, कोणत्या क्रमाने दर्शने घ्यायची, हे क्षेत्रमाहात्म्यात लिहिलेले असे आणि ते करवून घ्यायला पंडा हजर असे. युरोपातल्या यात्रेकरूंचेही तसेच होते. पुढे धर्मासाठी नव्हे तर नुसते पाहण्यासाठी हिंडणारे लोक वाढले. पंड्याची जागा भाड्याच्या वाटाड्याने आणि खानावळवाल्याने घेतली. नवख्या माणसाला परक्या शहरात हे दोघे सांगतील तिकडे जावे लागे आणि मागतील ते द्यावे लागे.

ह्यातून सुटका करू पाहणारी पहिली मोठी लेखिका म्हणजे मारियाना स्टार्क ही इंग्रज बाई. घरातल्या आजारी माणसांच्या सेवेसाठी ती अठराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत काही वर्षे राहिली. त्यामुळे तिच्या लेखनात कवित्व कमी आणि बाजारहाट जास्त. कपडे धुवायला काय पडते, बरोबर काय न्यावे, हे ती गृहिणीच्या चोखपणाने नोंदवते. चित्रांची प्रतवारी मात्र तिने अजब केली. चित्र चांगले असले तर पुढे एक उद्गारचिन्ह, फार चांगले असले तर दोन, त्याहून थोर असले तर आणखी. राफाएलच्या नावापुढे अशी उद्गारचिन्हांची रांग लागलेली पाहून आमच्या वर्गातल्या निबंधांची आठवण होते. पण हसण्यात अर्थ नाही. पुढे जगभर पसरलेल्या सगळ्या ताऱ्यांची ही आजी होय.

तिचा प्रकाशक लंडनचा जॉन मरे. त्याच्या मुलाने १८३६ साली प्रवाशांसाठी स्वतःची मार्गदर्शिका काढली. तिचा कित्ता गिरवून, पण स्वतःच्या पायांनी रस्ते तुडवून, कार्ल बेडेकर ह्या जर्मन पुस्तकविक्रेत्याने आपली पुस्तके रचली. हा १८०१ साली एसेन गावी जन्मला आणि १८२७ पासून कोब्लेन्झला त्याचे दुकान होते. त्याच्याविषयी एक गोष्ट सांगतात. मिलानच्या चर्चच्या छपराकडे जाणाऱ्या जिन्यावर कोणा ओळखीच्या माणसाला तो दिसला. दर वीस पायऱ्यांनंतर हा गृहस्थ थांबे आणि बंडीच्या खिशातला एक वाटाणा काढून विजारीच्या खिशात टाकी. पायऱ्या मोजताना चूक होऊ नये म्हणून! उतरताना पुन्हा उलट हिशेब. मला हा वाटाणेवाला बेडेकर फार आवडतो. वाचकाचे गुडघे दुखत असतील तर त्याला आधी कळले पाहिजे की पायऱ्या किती, ही जाणीव त्यामागे आहे. प्रवाशाला वाटाड्याच्या आणि खानावळवाल्याच्या तावडीतून सोडवून स्वतःच्या पायांवर उभे करावे, हा त्याचा हेतू होता. विशेष पाहण्याजोग्या गोष्टीपुढे तो एक तारा छापी, आणि अगदी चुकवू नये अशा गोष्टीपुढे दोन. दोनांच्या वर तारे नाहीत. हे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

पॅरिसवरचे बेडेकर प्रथम जर्मन भाषेत १८५५ साली निघाले. परंतु खाण्याच्या बाबतीत पॅरिसने त्याच्याही पन्नास वर्षे आधी आपली पोथी लिहून ठेवली होती.

‘रेस्तराँ’ हा शब्द मुळात जागेचा नव्हे, पदार्थाचा. अशक्त माणसाला तरतरी आणणारा मांसाचा काढा म्हणजे रेस्तराँ. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये हा काढा विकणारी दुकाने निघाली. त्यापूर्वी परगावचा माणूस खानावळीत जेवी. तिथे ठरलेली वेळ, सगळ्यांना मिळून एक मोठे मेज, आणि समोर येईल ते ताटात. हात लांब असणाऱ्याला मोठा तुकडा. काढ्याच्या दुकानात मात्र आपले स्वतंत्र मेज, आपल्याला हवी ती वेळ, आणि दर लिहिलेला कागद. क्रांतीनंतर सरदारांच्या घरचे आचारी बेकार होऊन रस्त्यावर आले आणि त्यांनी दुकाने थाटली, असे नेहमी लिहिले जाते. त्यात तथ्य थोडेच आहे. बोव्हिलिएसारख्याचे नामांकित रेस्तराँ क्रांतीच्या आधीच चालू झाले होते. खरी गोष्ट अशी, की क्रांतीनंतर पॅरिसमध्ये हातात पैसा असलेला पण कुठे काय खावे हे ठाऊक नसलेला नवा माणूस आला. त्याला पंडा हवा होता.

तो मिळाला ग्रिमो द ला रेनियेर ह्याच्या रूपाने. हा श्रीमंताचा मुलगा; जन्मतः हातांत व्यंग, ते झाकण्यासाठी कृत्रिम हात आणि मोजे. १८०३ पासून १८१२ पर्यंत त्याने खवय्यांच्या पंचांगाचे आठ भाग काढले. पहिल्याच भागात त्याने एक ‘पौष्टिक भ्रमंती’ दिली आहे: पॅरिसच्या पेठांतून चालत जायचे आणि कोणत्या रस्त्यावर कोणाचे लोणी, कोणाची पेस्ट्री, कोणाची मासळी घ्यायची ते पाहत जायचे. शहराचा नकाशा पोटाच्या दृष्टीने काढण्याचा हा पहिला मोठा उद्योग. पुढे त्याने परीक्षक मंडळ बसवले. दुकानदारांनी आपला माल मंडळाकडे पाठवायचा, मंडळाने तो खाऊन निकाल द्यायचा आणि निकाल पंचांगात छापायचा. आता ज्याचा माल फुकट खायचा त्याचीच परीक्षा घ्यायची, ह्यात काय घडणार हे सांगायला नकोच. पक्षपाताची ओरड झाली. शाळेत पेपर तपासणाऱ्या माणसाला यात नवल वाटत नाही.

१८१४-१५ साली नेपोलियनचा पाडाव झाला आणि विजयी सैन्यांचे अधिकारी पॅरिसमध्ये उतरले. पाले-रोयालच्या रेस्तराँत त्यांनी पैसा उधळला. रशियन कोझॅक ‘बिस्त्रो, बिस्त्रो’ म्हणजे लवकर लवकर असे ओरडत, म्हणून छोट्या खानावळीला बिस्त्रो नाव पडले, ही कथा पर्यटकांना आजही सांगतात. मात्र तो शब्द छापील फ्रेंचमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या काही दशकांत दिसतो. कोझॅक तोवर कधीच घरी पोचले होते!

१८५५ हे ह्या कथेतले मोठे वर्ष. पॅरिसमध्ये जागतिक प्रदर्शन भरले. टॉमस कुक हा लेस्टरचा दारूबंदीवाला सुतार. १८४१ साली त्याने सुमारे पाचशे माणसांना एका शिलिंगात आगगाडीने लफबरोला नेऊन आणले होते. तोच आता प्रथमच युरोपखंडात टोळी घेऊन निघाला. खाडीवरच्या कंपन्यांनी थेट मार्गासाठी त्याला सवलत दिली नाही, म्हणून त्याने अँटवर्प, ब्रुसेल्स, कोलोन, ऱ्हाईन नदी, स्ट्रासबर्ग असा केवढा तरी वळसा घेऊन माणसे पॅरिसला पोचवली. त्यात त्याला खोट आली. परंतु कारकून, दुकानदार, शिक्षक अशा माणसांना परदेश पाहता येतो हे त्याने दाखवले.

आणि त्याच वर्षी द्युवाल नावाच्या एका खाटकाने पॅरिसमध्ये रश्श्याचे दुकान उघडले. श्रीमंत गिऱ्हाइके मांसाचे उत्तम तुकडे नेत, उरलेल्याचे काय करावे हा त्याचा प्रश्न. त्याने त्याचा रस्सा आणि उकडलेले मांस स्वस्तात विकायला सुरुवात केली. बघता बघता त्याच्या शाखा शहरभर झाल्या. जागा स्वच्छ, दर ठरलेले, वाढायला पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका. आत शिरताना हातात एक कार्ड मिळे. घेतलेल्या पदार्थांवर त्यात खूण होई, जाताना गल्ल्यावर पैसे भरायचे. फसवणुकीला जागाच नाही. एकट्यादुकट्या बाईने उजळ माथ्याने जाऊन जेवावे अशी पॅरिसमध्ये तेव्हा फारच थोडी ठिकाणे होती. बेडेकरांनी बायकांना द्युवालची शिफारस केली. एका खाटकाने आणि एका पुस्तकाने मिळून बायकांना परक्या शहरात दुपारचे जेवण मिळवून दिले, ही गोष्ट मला कोणत्याही विजयकमानीपेक्षा मोठी वाटते. द्युवालची दुकाने आता राहिली नाहीत. पण त्याच धर्तीवर १८९६ साली निघालेले शार्तिए आजही चालू आहे, आणि तिथे वाढपी मेजावरच्या कागदावरच हिशेब लिहितो.

मग सारी यादी पुसून टाकणारे साल उजाडले. १९ सप्टेंबर १८७० ला जर्मन सैन्याने पॅरिसला वेढा घातला. तो २८ जानेवारी १८७१ पर्यंत टिकला. लोकांनी घोडे खाल्ले, मग मांजरे, मग उंदीर. प्राणिसंग्रहातली जनावरे खाटकांकडे गेली. नाताळाच्या दिवशी, म्हणजे वेढ्याच्या नव्याण्णवाव्या दिवशी, व्वाझँ नावाच्या उंची रेस्तराँने जो जेवणाचा कागद काढला त्यात हत्तीचे सूप, भाजलेला उंट आणि उंदरांनी वेढलेले मांजर असे पदार्थ आहेत; बरोबर उत्तम जुनी वाइन. हा कागद आज गंमत म्हणून पुस्तकांत छापतात. त्याच दिवसांत गरिबांच्या बायका पहाटेपासून थंडीत पावासाठी रांगेत उभ्या असत. त्यांच्या जेवणाचा कागद कोणी छापला नाही.

ह्याच शरदात कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंड पाहून युरोपच्या मार्गाने परत निघाले होते. वय अवघे वीस. ते रोजनिशी लिहीत. पाहिलेली शहरे, भेटलेली माणसे, सारे त्यात आहे. ती १८७२ साली लंडनमध्ये छापली गेली, पण तोवर लिहिणारा उरला नव्हता. ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्स मुक्कामी त्यांचे निधन झाले. त्या शहरात हिंदू पद्धतीने दहन म्हणजे न पाहिलेली गोष्ट; खास परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने ह्या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. तिथे त्यांचा छत्रीखालचा अर्धपुतळा आहे, आणि जवळच्या पुलाला इटालियन लोक ‘हिंदी माणसाचा पूल’ म्हणतात. मराठी सहली फ्लॉरेन्सला आता पुष्कळ जातात. माझ्या पाहण्यात आलेल्या त्यांच्या एकाही कार्यक्रमपत्रिकेत हे ठिकाण नव्हते.

पॅरिसचा वेढा उठला, पाठोपाठ कम्यूनचे बंड झाले, १८७१ च्या मे महिन्यात राजवाडा आणि नगरभवन जळाले. आणि थोड्याच दिवसांत टॉमस कुकचे प्रवासी ते अवशेष पाहायला हजर! जळक्या पॅरिसची मार्गदर्शिकासुद्धा निघाली. माणसाला काय पाहावेसे वाटेल ह्याला धरबंध नाही. नोत्रदामच्या मागे बेवारशी प्रेते ओळख पटवण्यासाठी काचेआड ठेवत. तिथे रोज गर्दी लोटे, कुकच्या टोळ्याही जात; १९०७ साली ती जागा लोकांना बंद केली. शहराची गटारे तर १८६७ पासून पाहुण्यांना होडीतून आणि गाड्यांतून दाखवत. १९११ च्या ऑगस्टमध्ये लूव्रमधून मोनालिसा चोरीला गेली, तेव्हा तिची रिकामी भिंत पाहायला लोकांनी रांगा लावल्या. चित्र असताना जे कधी फिरकले नव्हते, ते चित्र नसताना आले.

त्या रिकाम्या भिंतीपुढे सप्टेंबरात प्रागचे दोन तरुण उभे होते, फ्रांझ काफ्का आणि माक्स ब्रोट. दोघांनी त्याच प्रवासात ‘स्वस्तात’ ह्या नावाची मार्गदर्शिकांची माला काढून श्रीमंत होण्याचा बेत रचला होता. कल्पना अशी की वाचकाला दहा हॉटेले सांगायचीच नाहीत. एकच सांगायचे. निवडण्याचा छळ नको. कोणी कल्पना चोरील ह्या भीतीने त्यांनी मोठी आगाऊ रक्कम मिळाल्याखेरीज प्रकाशकाला तपशील सांगायचे नाकारले, आणि माला राहून गेली. विमा कचेरीत बसणाऱ्या काफ्काला हे सुचावे ह्यात मला त्याच्या कादंबऱ्यांइतकेच त्याचे मन दिसते.

मिशेलिनची कथा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. टायर विकणाऱ्या भावांनी १९०० साली मोटारवाल्यांसाठी सुमारे पस्तीस हजार पुस्तके फुकट वाटली. लोकांनी जास्त हिंडावे, टायर झिजावेत. १९२० पासून किंमत लावली, १९२६ पासून रेस्तराँना तारे दिले, पुढे ते एक ते तीन झाले. टायर झिजावेत म्हणून निघालेले पुस्तक आज आचाऱ्यांची झोप उडवते.

परंतु ताऱ्यांचा सर्वांत भीषण उपयोग खाण्यापिण्याशी संबंधित नाही. १९४२ च्या मार्चअखेर इंग्रजांनी ल्यूबेक हे जुने जर्मन शहर जाळले. सूड म्हणून एप्रिलपासून जर्मन विमानांनी एक्झिटर, बाथ, नॉर्विच, यॉर्क, कँटरबरी ही इंग्लंडमधली जुनी, सुंदर शहरे भाजून काढली. बेडेकरात तीन तारे असलेली प्रत्येक इमारत आम्ही पाडू, असे जर्मन परराष्ट्र खात्याचा एक अधिकारी बोलून गेला. त्या बिचाऱ्याने बेडेकर नीट वाचलेही नव्हते. तिथे तारे दोनच. सोळाशेंहून अधिक माणसे त्या हल्ल्यांत मेली. पुढल्या वर्षी, १९४३ च्या डिसेंबरात, लाइपझिगवर बाँब पडले आणि त्यात बेडेकरांची कचेरी जळून खाक झाली. आणि १९४४ साली नॉर्मंडीत उतरणाऱ्या दोस्त सैन्यासाठी १९३९ चे मिशेलिन वॉशिंग्टनमध्ये पुन्हा छापले गेले, कारण फ्रेंच गावांचे इतके चांगले नकाशे त्यात होते. रेस्तराँ शोधायच्या पुस्तकातून रणगाड्यांचा रस्ता निघाला.

असो. मास्तरांचा कागद माझ्या टेबलावर होता. मी त्यांना विचारले, “मास्तर, ह्या सत्तावीसांत तुमचं स्वतःचं काय आहे?” ते जरा लाजले. मग म्हणाले, “सर, मिले.”

आमच्या ड्रॉइंग हॉलमध्ये मिलेचे ‘सरवा वेचणाऱ्या बायका’ हे चित्र एका जुन्या कॅलेंडरवरून कापून लावलेले होते. कापणी झालेल्या शेतात तीन बायका वाकून ओंब्या वेचताहेत. १८५७ सालचे चित्र. मास्तरांनी ते तीस वर्षे दर बॅचला काढायला लावले. त्यांची स्वतःची आई सरवा वेचायला जाई, हे मला त्या दिवशी कळले. मुलाच्या यादीत मिले नव्हताच. मी ऐटीत माझी लाल पोथी उघडली आणि सांगितले, “लूव्रमध्ये आहे. पहिल्या दिवशी लूव्र करा, बाकी सगळं मागाहून.”

पुढच्या आठवड्यात वाचनालयात एक नवे पुस्तक चाळताना माझ्या पोटात गोळा आला. १९०७ साली चित्र लूव्रमध्ये होते खरे. परंतु १९०० च्या प्रदर्शनासाठी बांधलेल्या ओर्से ह्या रेल्वे स्थानकाचे १९८६ साली संग्रहालय झाले आणि मिले तिकडे गेला. ओर्से सोमवारी बंद, लूव्र मंगळवारी. माझ्या शब्दावर विसंबून मास्तर शनिवार-रविवार लूव्रमध्ये हिंडले असते, सोमवारी ओर्सेच्या बंद दारापुढे उभे राहिले असते. तसाच सायकल काढून त्यांच्याकडे गेलो आणि बेडेकरांच्या वतीने व माझ्या वतीने माफी मागितली.

मग आम्ही तिघांनी बसून बेत केला. शनिवार ओर्से. रविवार नदीकाठ आणि नोत्रदाम, २०१९ च्या आगीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलेले. सोमवारी लूव्र, पण दोनच दालने. मंगळवार मोकळा. जेवणाचा रकाना वहिनींनी स्वतः भरला. त्यांना मी एवढेच बजावले की तिथले प्रसिद्ध कांद्याचे सूपसुद्धा बहुधा बैलाच्या मांसाच्या रश्श्यात करतात. रेस्तराँ शब्दाचा जन्मच त्यातला. कुट्टूच्या पिठाचे धिरडे चीज घालून मिळते, पाव-लोणी-फळे आहेतच, आणि फारच जीव कासावीस झाला तर गार द्यु नॉर स्टेशनाच्या बाजूला तमिळ लोकांच्या वस्तीत डोसा मिळतो. दशम्या आणि मेतकूट त्यांनी तरीही नेलेच.

परत आल्यावर दोघे भेटायला आले. आयफेल मनोरा बसच्या खिडकीतून पाहिला. मोनालिसापुढची गर्दी पाहून मागे फिरले. मिलेपुढे मात्र मास्तर दीड तास होते. “सर,” ते म्हणाले, “उजवीकडे लांबवर घोड्यावर एक मुकादम बसलाय. मजुरांवर लक्ष ठेवून. कॅलेंडरवाल्यानं तेवढा भाग कापला होता. तीस वर्षं मी पोरांना मुकादमाशिवायच चित्र काढायला लावलं.”

त्यांनी ते पुन्हा काढायला घेतले आहे. घोडा अजून साधत नाही म्हणतात.

वहिनी निघता निघता उंबऱ्यात थांबल्या आणि मला म्हणाल्या, “भावोजी, बाकं होती हो.”